दोन दिवसांत संपवू नकोस

सर्जापूर रोड, बेंगळुरू

चि. सोनू,

तुझा निरोप काल बाबाने वाचून दाखवला. ‘दिवाळीत आले की दोन दिवसांत मारुत विमानाचं मॉडेल संपवून टाकते,’ असं म्हणालीस, आणि ते ‘संपवून टाकते’ माझ्या मनातून जाईना, म्हणून आज पहाटेच लिहायला बसले. पाच वाजलेत. खाली रस्त्यावर अजून गाड्यांची रांग लागलेली नाही, कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याकडे फिरायला निघालेले दोघे-चौघे तेवढे दिसतायत; सर्जापूर रोडवरसुद्धा ही एक वेळ आपली असते. (हॉस्टेलात तू लवकर उठतेसच, ते मी विचारत नाही.)

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तू विचारलं होतंस, ‘आजी, मी हे करते ते काम की खेळ?’ तीन संध्याकाळी एकच पंख पॉलिश पेपरने घासून तुझी पाठ भरून आली होती, आणि खेळ असता तर पाठ कशाला दुखली असती, असं तुझं म्हणणं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं.

तुझ्या वयाची असताना मी ताईच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने केले होते. थंडीत काटा चांगला फुलतो म्हणून पहाटे चारला उठायचं, शेगडीत मंद निखारे ठेवायचे, परातीत तीळ घ्यायचे आणि त्यावर चमचाभर पाक सोडून बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर, पुन्हा हलवायचं. बोटं लाल व्हायची, मान अवघडायची, आणि चार-पाच दिवसांनी एकेका तिळावर बारीक पांढरे काटे उभे राहिलेले दिसले की मला तिथून उठवत नसे. मग एका पहाटे मी उरलेल्या दिवसांचा हिशेब केला आणि दोन पळ्या पाक एकदम ओतला. सगळे तीळ एकमेकांना चिकटून गोळा झाला. ताईच्या बांगड्यांचा हलवा पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, आणि खरं सांगते, जड गेला तो त्या एका पहाटेनंतरचाच. बोटं आधीही तेवढीच भाजत होती, पण आता मी प्रत्येक चमचा मोजत होते.

तुझ्या रंगाचंही तेच आहे बघ. पातळ हात द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा, मग दुसरा.

आणि ज्या विमानाचं तू बावीस सेंटिमीटरचं रूप करते आहेस, ते घडलं ते याच गावात. एचएएलच्या संग्रहालयात त्याच्याभोवती किती फेऱ्या मारल्या होत्यास! कुर्ट टांक यांच्या हाताखालच्या मंडळींनी आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं, ते डाकोटा विमानामागे बांधून वर नेलं, हवेत तपासलं, आणि मग कुठे १७ जून १९६१ला सुरंजन दास खरं मारुत घेऊन उडाले. पगाराची नोकरीच ती, पण उडवून बघायला मिळेल म्हणून एवढं मोठं लाकडी विमान घासणारे हात निव्वळ नोकरी करत होते, असं मला नाही वाटत. उलट तिथे पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८च्या १ एप्रिलला उघडलेलं. मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या गाड्या, सिग्नल, पूल. लहानपणापासूनचा छंद त्यांनी व्यवसाय सांभाळून असा वाढवला, आणि त्या खेळाला कुठल्याही कामाएवढी शिस्त लागली असणार. एखाद्या रविवारी जाऊन ये. दिवे मंद करून रात्र करतात, तेव्हा खिडक्यांकडे बघ.

म्हणून काम की खेळ याची मला फारशी काळजी नाही. तुझ्या हाताला कष्टांचं वावडं नाही, हे मी तुझ्या पहिल्या मातीच्या किल्ल्यापासून बघत आलेय. बुरूज ढासळला तर न रडता पुन्हा माती मळायला बसायचीस. (त्यावर पेरलेला अळीव तिसऱ्या दिवशी उगवेपर्यंत मात्र दर तासाला बघून यायचीस!) काळजी आहे ती त्या दोन दिवसांची. दिवाळीत पंखच जोडलेस आणि रंग मेमध्ये दिलास, तर कुणाचं काही अडणार आहे का?

तुझ्या सुट्या भागांची उरलेली प्लास्टिकची चौकट टाकून दिली नाही, वितळवून तार काढता येते असं तूच म्हणाली होतीस. औषधाच्या बाटल्यांची सात झाकणं धुऊन ठेवलीत, रंग कालवायला. रस्त्याची धूळ गॅलरीतून फार येते, म्हणून टेबल आत घेतलं आणि विमानावर माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा घातलाय. चाकाजवळचा डिंक ओला वाटला, तेव्हा तिथे कापड टेकू दिलेलं नाही.

तुझी,
आजी