नदीकाठचे बूट

मुलांना घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाने त्यांना काय काय दाखवावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय दाखवू नये, हा प्रश्न मात्र गेल्या उन्हाळ्यात डॅन्यूब नदीच्या काठी माझ्यापुढे अचानक उभा राहिला, आणि माझ्यातल्या मास्तरणीची तिथे पुरती फजिती झाली.

धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड म्युनिकला आहे. तिच्या आग्रहाने (आणि खरे सांगायचे तर तिच्याच खर्चाने) मी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन नाशिकहून तिकडे गेले. तिने पासाऊ ते बुडापेस्ट अशी बोटीची तिकिटे काढली. बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी. बोटीवर बहुतेक सारी म्हातारी जोडपी. आमची दोन मुले म्हणजे जणू सगळ्या बोटीची नातवंडेच झाली. डॅन्यूब निळी नाही, हे त्यांनी पहिल्याच सकाळी ठरवून टाकले. स्ट्रॉसचा तो प्रसिद्ध वॉल्ट्झ १८६७ साली प्रथम वाजला, तेव्हापासून जगाने तिला निळी म्हणावे. मला ती पावसाळा सरल्यावरच्या गोदावरीसारखी मातकट हिरवी दिसली. मुलांना खरी मौज वाटली ती धरणांपाशी. दोन अजस्र दरवाज्यांमधल्या अरुंद हौदात बोट शिरे, मागचा दरवाजा मिटे, पाणी ओसरू लागे आणि दोन्ही बाजूंच्या ओल्या काळ्या भिंती हळूहळू उंच होत जात. "मावशी, आपण विहिरीत उतरतोय!" असे भाची ओरडली की आजूबाजूच्या आज्या भाषा न कळताही हसत.

लिन्झ मागे पडल्यावर डाव्या तीरावर माउथहाउझेन लागले. नदीवरून पाहावे तर टुमदार गाव. त्याच्या वरच्या अंगाला १९३८ पासून १९४५ पर्यंत नाझींची छळछावणी होती. खाणीतले ग्रॅनाइटचे धोंडे पाठीवर घेऊन कैदी १८६ पायऱ्या चढत. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत मिळून निदान ९०,००० माणसे मेली. बहिणीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. मुले पत्ते खेळत होती. आम्ही गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचे मला आजही वाईट वाटत नाही. शाळेतसुद्धा आम्ही सगळा इतिहास पहिलीलाच शिकवत नाही.

पण बुडापेस्टला भाचीने विचारले. तिथल्या पार्लमेंटपासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या अगदी कडेला, लोखंडी बुटांचे साठ जोड मांडून ठेवले आहेत. हे स्मारक २००५ सालचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरीतल्याच फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना नदीकाठी उभे केले, बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत पाडले. त्या जोडांत लहान मुलांचेही बूट आहेत. भाची नेमकी त्यांच्यापाशीच उकिडवी बसली.

"हे कुणाचे गं, मावशी?"

"लोक आंघोळीला उतरलेत. आपल्या रामकुंडावर नाही का चपला काढून ठेवत?"

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. माझा मुलगा शेजारीच फलकावरचे इंग्रजी वाचत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, मग भाचीला म्हणाला, "चल, तिकडे ट्राम बघू." आईचे खोटे झाकायला तो इतक्या चटकन पुढे झाला, त्याचेच मला अधिक लागले. धर्मराजाचा रथ एका अर्धसत्यापायी जमिनीला टेकला, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. माझे तर अर्धेही सत्य नव्हते!

बहिणीचे म्हणणे वेगळे. "ताई, सुट्टीत मुलांना सुख दाखवायला आणलंय. दुःख काय, ते पुढे आपोआप येईलच." तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. मी म्हटले, नरकासुराचा वध आपण मुलांना ऐन दिवाळीत, तोंडात लाडू असताना सांगतोच की. तीही निवडून बसलेली. "नरकासुर राक्षस होता ना. इथं मारणारी माणसं त्याच गावातली होती. हे तू सहा वर्षांच्या पोरीला कसं समजावणार?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे म्हणजे चाळिशी उलटली तरी मलाच ते समजलेले नाही.

रात्री बोट काठालाच होती. भाची खिडकीशी नाक लावून बाहेरच्या काळ्या पाण्याकडे बघत होती. "मावशी, अंधार झाला. ते अजून वर आले नाहीत?"

तेव्हा मी सांगितले. थोडक्यात, तिच्या भाषेत. वाईट माणसांनी त्यांना मारले. ते वर आले नाहीत.

"छोट्या बुटांचे पण?"

"हो."

ती रडली नाही. पुढे कितीतरी रात्री तिला खोलीतला दिवा मालवू देववला नाही, आणि त्याबद्दल बहीण अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे. परवा फोनवर भाचीने एकदम विचारले, "रामकुंडावरचे लोक येतात ना वर?"

"येतात," मी म्हटले. "डोकी पुसतात, चपला घालतात आणि घरी जातात."

"सगळे?"

मी क्षणभर थांबले. गोदावरीला पूर येतो, माणसे बुडतातही.

"बहुतेक सगळे," मी म्हटले.