परवाना आणि विवेक



अमेरिकेत काही जण घरापासून शेकडो मैल दूर, वाटाड्याशिवाय, काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातात. मोंटाना राज्यात परवान्याआधी परीक्षा द्यावी लागते. काळी अस्वलेही तपकिरी असू शकतात. १९७५ साली कायद्याचे संरक्षण मिळालेले ग्रिझली अस्वल चुकून मारले जाऊ नये. पिल्लांसोबतच्या मादीलाही मारता येत नाही. पिल्ले झुडपात दडलेली असतात, म्हणून थांबून पाहावे लागते.

पण रजा संपत आलेली, पैसा खर्च झालेला आणि पाहणारे कोणीच नाही! अशा वेळी बंदूक खाली ठेवणे हीच कसोटी. आपल्या खर्चामुळे दुसऱ्याच्या जिवावर आपला हक्क वाढतो का? ‘एवढे केले, आता मिळालेच पाहिजे’ हा मोह आपल्यालाही होतो. रिकाम्या हाताने परतण्याची तयारीही आधीच करावी.