संयम घाटात कळतो

आजचं चिंतन : गीता, अध्याय 2, श्लोक 62-63

विषयांच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, मग मोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. भगवंतांनी सांगितलेला हा उतारच आहे.

बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना हे नीट समजतं. ब्रेक ऑइल नकळत हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 3 ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की 140 च्या आसपासही उकळू शकतं. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. घाटात सारखा ब्रेक दाबला की ऑइल तापतं, वाफ होते, पेडल खाली जातं आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. मागे घरचीच माणसं बसलेली असतात.

संगही असाच मुरतो. आणि आपला राग निघतो तोही घरच्यांवरच. त्या क्षणी संयम शोधून सापडत नाही बरं का!

म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. मनासाठी रोजचं नामस्मरण, आणि विषय मनात घोळू लागला की तिथंच थांबणं.

गण गण गणात बोते.