उंबऱ्याबाहेरची टोपली

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, श्रावणात, मी वाचनालयात बसलो होतो. रानभाज्या विकणारी एक म्हातारी पाणी मागायला दाराशी आली. ग्रंथपालांनी तिला आदराने पाणी दिले. म्हणाले, "मावशी, टोपली तेवढी बाहेर असू द्या."

त्यात गैर काय होते? ओल्या पाल्याचे आणि पुस्तकांचे सख्य नाहीच. तरी मला ते टोचले. कारण माझ्यापुढे व्ही. एन. नाईक यांचा ‘द फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा १९७९ सालचा ग्रंथ उघडा होता. पुढे १९८२ मध्ये लातूर वेगळे झाले, २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. कुरडूने त्याची दखल घेतल्याचे दिसत नाही. टोपलीत तीच कुरडू होती. ग्रंथ आणि टोपली यांच्यात पाच पावले होती, आणि ती चालण्याची सोय त्या वास्तूत नव्हती.

अशा वेळी म्हातारीच्या बाजूने गहिवरणे सोपे असते. मला ते साधत नाही. ब्राह्मी म्हणून कुणी बाकोपा देतो, कुणी मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावावर गोकर्णदेखील खपते. औषध घेणाऱ्याच्या पोटात नाव जात नाही, वनस्पती जाते. म्हणून लॅटिन नाव हा पंडितांचा डौल नव्हे. पण कुरडूचे शेंडे निबर होण्याआधी कधी खुडावेत, हे त्या नावात नाही. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच पाल्यावर लेकरे जगवली, असे ती ग्रंथपालांना सांगत होती. त्यांनी ते ऐकले. लिहून घ्यायला मात्र त्यांच्यापाशी वही नव्हती. देवघेवीच्या नोंदवहीत फक्त पुस्तके येतात नि जातात.

वाचनालयाला एक ओसरी असावी, एवढेच माझे मागणे आहे. धुता येईल अशी फरशी, बुटके रुंद मेज, भिंग, पाने दाबून वाळवायला जुनी वर्तमानपत्रे. मजूर रानातून परततात त्या वेळी ती उघडी असावी. आणि एक वही: शास्त्रीय नावाशेजारी गावातले नाव, आणि ते सांगणाऱ्याचेही नाव. हे शेवटचे आपण नेहमी विसरतो.

त्या दिवशी ओसरी नव्हती, म्हणून मी ग्रंथ घेऊन पायरीवर गेलो. ओले हात पदराला पुसून म्हातारीने त्यावर बोट ठेवले.

"दादा, ह्यात आमच्या गावाचं नाव हाय का?"

मी पाने उलटू लागलो.