कठडा आणि पार

मुंबईला जाऊन आलेला आपला प्रत्येक पोरगा एक गोष्ट हमखास सांगतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो, कुणी जात विचारली न्हाई. एका बाजूला मोटारवाला, दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोरं, मधी आपण. सांगताना त्याचं तोंड उजळतं. मला त्या उजळण्याबद्दलच बोलायचं आहे. ही समता आहे, की समतेचा भास?

कठड्याला मी नावं ठेवत नाही. इंग्रजांच्या राजवटीत समुद्र मागं सारून, भराव टाकून हा साडेतीन किलोमीटरचा रस्ता झाला. कागदावर त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. समोरच्या गोल गॅलऱ्यांच्या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. त्या इमारतीत राहायला कोटी लागतात, कठड्यावर बसायला दमडी लागत न्हाई. मीही बसलोय. जिनिंगमधी दिवसभर कापसाची धूळ गिळणाऱ्याला ते वारं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.

पण नीट विचार करा. कठडा जात विचारत नाही, कारण कठड्याला ती ठाऊक नाही. शेजारचा सरकून जागा देतो ती कुणाला? माणसाला, की अनोळख्याला? त्याच शहरात मी भाड्यानं खोली बघायला गेलो होतो. मालक हसून बोलत होता. आडनाव कळलं आणि खोली 'कालच गेली' होती. माणूस तोच, शहर तेच. मधी फक्त एक नाव आलं.

म्हणून मी म्हणतो, अनोळखीपणा ही सवलत आहे. नाव कळेपर्यंतच ती टिकते. हक्काचं उलटं आहे. नाव कळल्यावरही जो उरतो तो हक्क.

महाड आठवा. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर खुलं! पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी डोकी फुटावी लागली. मग शेण-गोमूत्र टाकून तळं 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १९३७ साली. महाडपासून समुद्र काही लांब न्हाई. तिथं ओंजळ भरली असती तर कोण आडवं आलं असतं? समुद्र कुणाला बाटवता येत नाही, कारण त्याचं पाणी कुणी पीत नाही. बाबासाहेब गोड्या पाण्याकडं गेले. जिथं सगळे ओळखत होते तिथं गेले.

त्याच समुद्राच्या काठी दादरला ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अग्नी दिला. दर सहा डिसेंबरला तिथं लाखो माणसं येतात. भोकरवरून जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेसही भरभरून जाते. ही माणसं नाव लपवून येत न्हाईत. तोंडात जयभीम, हातात निळा झेंडा. आणि नेमकं त्याच दिवशी काही लोकांना शहरातली गर्दी दिसते, घाण दिसते, तुंबलेल्या मोटारी दिसतात. हीच माणसं एकेकटी, बिननावाची कठड्यावर बसली तर चालतात!

नावाची किंमत मराठवाड्याला सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार करून. साडेपंधरा वर्षं! एका पाटीवरच्या एका नावासाठी.

कुणी म्हणेल, मग शहरात हरवून जाणंच बरं. बाबासाहेबांनीच तर खेडी सोडा म्हणून सांगितलं होतं. खरं आहे. कठड्यावर माणसाला उसंत मिळते. खाली मान घालून उभं राहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. पाय सोडून, पाठ ताठ करून बसणं कसं असतं हे तिथं अंगाला कळतं. हे थोडं न्हाई. पण उसंत घेणं वेगळं आणि पोचणं वेगळं. हरवून मिळालेली समता टिकवायची तर जन्मभर हरवूनच राहावं लागतं. आडनाव बदला, घरातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावा, पोराला सांगा की शाळेत बोलू नको. आपल्यातलेच किती तरी शिकले-सवरलेले असं जगतात. त्यांना शिव्या घालून मी मोकळा होणार न्हाई. भीती खरी आहे. पण भीतीनं मिळालेल्या जागेला समता म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडं कठडा न्हाई, पार आहे. मारुतीपुढचा. तिथं सगळ्यांना सगळ्यांचं सात पिढ्यांचं ठाऊक. म्हणूनच खरी परीक्षा तिथं आहे. मुंबईहून आलेल्या पोराला मी सांगतो, मर्दा, कठड्यावर बसला होतास तसाच पारावर बस. एकटा जाऊ नको, चौघांना घेऊन जा. कुणी विचारायच्या आधी आपलं पुरं नाव सांग, जयभीम कर. मग शेजारचा बसून राहतो की उठून जातो, ते बघ. समता किती आली ते तिथं मोजायचं.