स्वतःची नाव, स्वतःचा जीव

युरोपीय संघात अडीच ते चोवीस मीटर लांबीची हौशी नौका विकायची, तर २०१३च्या निर्देशानुसार तिचा तोल, तरंगक्षमता, प्रवासीसंख्या तपासावी लागते. मात्र एखाद्याने स्वतःच्या वापरासाठी नाव बांधली, तर त्याला यातून सूट आहे. अट एवढीच, की पाण्यात उतरल्यापासून पाच वर्षे ती बाजारात आणायची नाही.

म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालायला कायद्याची हरकत नाही?

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्ये याच प्रश्नासाठी मोडकळीला आलेल्या पुलाचे उदाहरण घेतले. पूल कोसळणार हे नक्की असेल आणि सांगायला वेळच नसेल, तर माणसाला धरून मागे ओढावे. नुसती शक्यता असेल, तर सावध करावे, निर्णय त्याचा. मुलांना मात्र त्याने यातून वगळले.

पण घरच्या नावेत मुलेही बसतात. त्यांची संमती कोणी विचारली? शिवाय नाव उलटली, की वादळात शिरतात ते बचावकर्मी; ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर १८२४पासून हे काम करणाऱ्या आरएनएलआय या संस्थेचे बहुतेक नावाडी स्वयंसेवक आहेत. ही सूट राहावीच, कारण हाताने नाव घडवण्यात माणसाचे मोठे स्वातंत्र्य आहे. पण दुसरा कोणी नावेत चढण्याआधी तिचा तोल एखाद्या जाणकाराने तपासलेला असावा.