उमर तेवढीच होती?

औशाच्या कब्रस्तानात चाळिशीतल्या माणसाला माती देऊन परतताना आम्ही म्हणतो, 'उमर तेवढीच होती.' तो पीत होता हे सर्वांना ठाऊक. मयतीबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प.

रशियात १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूवर निर्बंध आणले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६२ होते, ते १९८७ पर्यंत ६५च्या घरात गेले. पुढे मोहीम ढिली पडली, सोव्हिएत संघ मोडला, दारू पुन्हा मुबलक झाली. १९९४ मध्ये ते ५८च्याही खाली आले. (बेकारी, गरिबीचाही त्यात वाटा होताच.)

मौत अल्लाहच्या हाती, यावर आमचे ईमान आहे. मग दोन वर्षांत साऱ्या देशाचे नशीब बदलले म्हणायचे? आम्ही दारू हराम मानतो, पीत नाही, आणि एवढ्यावर सुटतो. तो गुत्त्यातून बाहेर पडताना दिसला की आम्ही रस्ता बदलत होतो. जनाज्याला मात्र खांदा दिला.